घरावर सोलर बसवताना विजेच्या भाराचे गणित

पिंपळे सौदागर हे पवनाकाठचे गाव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. इथे किंवा चाकणकडे घरामागे गोठा असेल, तर सोलर बसवताना एक विचार मनात येतोच : आता मंजूर भार कमी करून घ्यावा का? घाई करू नका. सोलरमुळे बिलातील युनिट कमी होतात, घराचा भार नाही.

उदाहरण पाहा. दिवे, पंखे, टीव्ही मिळून 600 वॅट, फ्रिज 200, एक एचपीची बोअरची मोटर सुमारे 1000 आणि दोन एचपीची कडबाकुट्टी सुमारे 1900. एकूण 3700 वॅट. छतावरील 3 किलोवॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण 12 युनिट देतात. पण संध्याकाळी सातला कुट्टी चालू केली, तर सगळा भार महावितरणच्या लाइनवरच येतो. शिवाय सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त असेल, तर भार वाढवून घ्यावा लागतो. (शेतीपंपाची जोडणी वेगळी, तिचा भार यात धरू नका.)

बॅटरी असली की गणित आणखी बदलते. 48 व्होल्ट, 150 एएचची लेड ॲसिड बॅटरी म्हणजे 7.2 युनिट, तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मेच वापरावे. अर्धा तास कुट्टीला एकच युनिट लागते, म्हणजे वीज पुरेल. तरीही अडीच किलोवॅटचा इन्व्हर्टर ट्रिप होईल, कारण मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. म्हणून मोटर आणि कुट्टी बॅटरीवर जोडू नका. दिवे, पंखे, फ्रिज एवढेच ठेवा.

लोक विसरतात ते चार्जिंग. रात्री लाइट परत आली की हीच बॅटरी लाइनवरून सुमारे 900 वॅट ओढते, आणि नेमकी तेव्हाच बोअरची मोटरही चालू केली जाते. चार्जिंग फक्त सोलरवरून होईल असे सेटिंग करता येते का, हे इन्व्हर्टर घेतानाच विचारा.

वायरमनकडून वितरण पेटीही तपासून घ्या. 32 अँपिअरच्या मुख्य एमसीबीमागे सोलरचे 13 अँपिअर येऊन मिळाले, तर आतल्या पट्टीतून 45 अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो आणि एकही एमसीबी पडत नाही. पट्टी तेवढी सोसणारी हवी.

बॅटरी नसलेले साधे ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला शॉक बसू नये म्हणून तशी सोय असते. तो बिघाड समजू नका.