‘खालिद का शिवाजी’: प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट का थांबला?

राज प्रीतम मोरे यांचा ‘खालिद का शिवाजी’ हा मराठी चित्रपट ८ ऑगस्ट २०२५ रोजी प्रदर्शित होणार होता. सेन्सॉर बोर्डाचे, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे, प्रमाणपत्र हाती होते. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी कान महोत्सवाच्या चित्रपट बाजारासाठी त्याची निवडही केली होती. तरीही ऐन वेळी प्रदर्शन थांबले.

मोरे हे विदर्भातील चित्रकार. त्यांच्या ‘खिसा’ या लघुपटाला ६७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणातील दिग्दर्शनाचा सन्मान मिळाला. नव्या चित्रपटाची गोष्टही विदर्भातल्या खेड्यातलीच. शाळेतली पोरे खालिदला ‘अफजलखान’ म्हणून चिडवतात आणि हा मुलगा आपल्यापुरता शिवाजी शोधू लागतो. अमरावतीचे भारत गणेशपुरे यांचीही त्यात भूमिका आहे.

वाद पेटला तो झलकेतल्या संवादांवरून. शिवरायांच्या सैन्यात ३५ टक्के मुसलमान होते आणि रायगडावर त्यांनी मशीद बांधली, या विधानांना हिंदुत्ववादी संघटनांनी इतिहासाची मोडतोड ठरवले. यातल्या सैन्याबद्दलच्या विधानातील दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. आरमारातील दौलतखान, पायदळातील नूरखान बेग, पत्रव्यवहार सांभाळणारे काझी हैदर अशी मुसलमान माणसे शिवरायांच्या सेवेत होती, हे इतिहासग्रंथांत नोंदलेले आहे. मात्र संपूर्ण फौजेची टक्केवारी सांगायची, तर तेवढाच भक्कम कागद दाखवावा लागतो. ही मागणी रास्त आहे. पण ती अभ्यासाने सोडवायची बाब आहे.

५ ऑगस्टला मुंबईत राज्य चित्रपट पुरस्कार सोहळ्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस बोलत असताना या चित्रपटाविरुद्ध घोषणा झाल्या. सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांच्या खात्याने केंद्राकडे फेरतपासणीची मागणी केली. त्यानंतर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रमाणपत्र महिनाभरासाठी स्थगित केले. विदर्भ ज्यात येतो, त्या सीपी-बेरार या चित्रपट-वितरण क्षेत्राचे जुने केंद्र अमरावती. पण प्रमाणपत्र स्थगित असताना तिथला वा अकोल्यातला कोणताही चित्रपटगृहवाला तो दाखवू शकत नव्हता.

अशी प्रमाणपत्रे ज्याखाली दिली जातात, तो सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा. निर्मात्याने अर्ज केल्यावर तपासणी समिती चित्रपट पाहते, मतभेद झाल्यास पुनरीक्षण समितीकडे तो जातो. धार्मिक समूहांची हेटाळणी होऊ नये, हे मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. पूर्वी अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण होते. २०२१ मध्ये ते बंद झाल्याने आता थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. एस. रंगराजन खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपुढे सरकारने अभिव्यक्तिस्वातंत्र्य सोडून देऊ नये. सुव्यवस्था राखणे हे सरकारचेच काम आहे. के. एम. शंकरप्पा खटल्यात २००० मध्ये त्याच न्यायालयाने मंडळाच्या निर्णयाची फेरतपासणी करण्याचा केंद्राचा अधिकार घटनाबाह्य ठरवला. या दोन निकालांच्या उजेडात ऑगस्टमधली स्थगिती खटकते.

असे वाद एका धर्माचे किंवा एका देशाचे नाहीत. बांगलादेशात तारेक मसूद यांच्या ‘माटिर मोयना’ या बंगाली चित्रपटावर २००२ मध्ये धार्मिकदृष्ट्या संवेदनशील म्हणून बंदी आली. त्याचाही नायक लहान मुलगाच होता, मदरशात शिकणारा. कान महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला आणि दाद मागितल्यावर मायदेशातली बंदी उठली. महाराष्ट्रात एप्रिल २०२५ मध्ये महात्मा फुल्यांवरील ‘फुले’ या हिंदी चित्रपटाला काही ब्राह्मण संघटनांनी विरोध केला. मंडळाने त्यात बदल सुचवले आणि ११ एप्रिलचे प्रदर्शन २५ एप्रिलवर गेले.

या तिन्ही प्रकरणांत चित्रपटाचा निवाडा सामान्य प्रेक्षकाने तो पाहण्याआधीच मागितला गेला. ज्यांना संवाद चुकीचे वाटले, त्यांना लेख लिहिण्याचा, सभा घेण्याचा, न्यायालयात जाण्याचा हक्क आहे आणि दिग्दर्शकानेही आपले पुरावे लोकांपुढे ठेवले पाहिजेत. शासनाने मात्र एकदा दिलेल्या प्रमाणपत्रामागे ठाम उभे राहावे. शिवरायांच्या इतिहासाला प्रश्न विचारणाऱ्या एका पोराच्या गोष्टीने धोका नाही. कागदपत्रे न वाचता केलेल्या दाव्यांनी आणि न पाहता केलेल्या बंदीच्या मागणीने आहे.