चमचाभर ऑइलचा क्लच

तळोद्याहून धडगावकडे जाताना चांदसैलीचा घाट लागतो. चढावरचं वळण, समोरून माणसांनी भरलेली जीप, आपण थांबायचं आणि मागे न सरकता गाडी पुन्हा उचलायची. शहादा-नंदुरबारच्या सपाट रस्त्यावर खपून जाणारा क्लच इथे उघडा पडतो. आमच्या गाडीचं पेडल अर्ध्यापर्यंत पोकळ जायचं आणि पाय उचलला तरी क्लच जरा उशिरानेच धरायचा. म्हणून क्लचचं काम घराच्या अंगणातच करायला घेतलं.

हायड्रॉलिक क्लचची रचना साधी आहे. पेडल वरच्या सिलिंडरचा, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या ‘अप्पर’चा, पिस्टन ढकलतं. ऑइल पाइपमधून गिअरबॉक्सजवळच्या ‘लोअर’मध्ये जातं आणि तिथला पिस्टन रिलीज बेअरिंग सरकवतो. अप्परचा बोअर 15.87 मिमी असेल आणि पिस्टन 25 मिमी सरकत असेल, तर एका दाबात जेमतेम 5 मिलिलिटर ऑइल हलतं. एवढ्या चमचाभर ऑइलवर सगळा खेळ! त्यात 1 मिलिलिटर हवा अडकली, तर दाबाखाली ती आक्रसते आणि पेडलचा जवळपास पाचवा हिस्सा फुकट जातो. महागडे भाग मागवण्याआधी हा हिशेब प्रत्येकाने मांडावा, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात पेडलने पिस्टन ढकलणाऱ्या दांडीच्या, म्हणजे पुशरॉडच्या, प्लेपासून केली. पेडल बोटाने दाबलं की पिस्टनला टेकण्याआधी थोडी मोकळी हालचाल जाणवली पाहिजे. किती, ते गाडीच्या पुस्तकात असतं. पेडल लगेच धरावं म्हणून कित्येक जण ही हालचाल शून्यावर आणतात. ते घातक आहे. पाय उचलल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला, तरच ऑइलच्या टाकीकडे जाणारं बारीक छिद्र उघडतं. ते झाकलेलं राहिलं तर इंजिनाच्या उष्णतेने फुगलेल्या ऑइलला परतायला वाट उरत नाही, प्रेशर प्लेट अर्धवट दाबलेली राहते आणि क्लच घसरतो. खानदेशातल्या मे महिन्यात तर हे फार लवकर घडतं.

मग होज. इंजिन हलतं म्हणून लोअरजवळचा तुकडा लवचीक असावाच लागतो, पण जुनं रबर दाबाखाली फुगतं. त्याजागी स्टीलच्या जाळीचा होज बसवला; आटे जुळवून, तांब्याचे वॉशर नवे घालून. खाली जाण्याआधी चाकांना दगड लावले आणि गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जाऊ नये.

काही गाड्यांच्या लाइनमध्ये बारीक छिद्राचा व्हॉल्व्हही असतो. ऑइल हळू परतावं आणि अचानक सोडलेल्या क्लचचा धक्का गिअरबॉक्सला बसू नये, ही त्यामागची कल्पना. बीएमडब्ल्यूचे हौशी मालक तो काढून टाकतात. आमच्या गाडीत तसलाच एक व्हॉल्व्ह निघाला, तोही काढला.

खरं काम त्यानंतर: लाइनमधली हवा काढायची. मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या नळीचं एक टोक लोअरच्या हवा काढायच्या निपलला लावलं, दुसरं बाटलीतल्या ताज्या ऑइलमध्ये बुडवलं. पुतण्या पेडलवर, मी खाली. “दाब.” “दाबलं, काका.” “धरून ठेव.” निपल पाव फेरा सैल केला की नळीतून बुडबुडे धावतात, निपल आवळल्यावरच “सोड” म्हणायचं. हा क्रम चुकला तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत येते. मधूनमधून टाकी भरत राहायचं. कित्येक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, त्यामुळे तिथे हयगय चालत नाही. शेवटचे हट्टी बुडबुडे वरून खाली येईनात. हवेची वाट वरच, म्हणून मोठ्या सिरिंजने लोअरच्या निपलमधूनच ऑइल हळूहळू वर चढवलं, तेव्हा टाकीत बारीक फेस आला आणि पेडल घट्ट झालं.

ऑइल डॉट 4, नव्या सीलबंद बाटलीतलं. उघडी बाटली हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे पावसाळ्यात उरलेलं ऑइल जपून ठेवण्यात अर्थ नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं, नाहीतर पापुद्रे सुटतात.

आता क्लच पाय उचलताच धरतो. घाटात गाडी उचलताना तो नेमका कुठे धरतो हे तळव्याला कळतं, पण पाय झटकन सोडला तर गाडी उडी मारते. म्हणून घरात जो जो गाडी चालवतो, त्याला आधी मोकळ्या मैदानात बसवलं आणि मगच धडगावच्या रस्त्याला जाऊ दिलं.