तूर घरात आली की अंदमान

मे महिना सरत आला की 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी येते आणि आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजात पेरणीची भाषा सुरू होते. भेंडवळची पाऊस-पिकाचं भाकीत सांगणारी घटमांडणी अक्षय तृतीयेलाच होऊन गेलेली असते. तिच्या भाकिताशी या बातमीची सांगड घातली जाते, बियाण्याचे हिशेब मांडले जातात. आमच्या बोलण्यात अंदमान येतं ते असं, नाहीतर सावरकरांच्या निमित्ताने. तिथे समुद्राकाठी झोपडी घेऊन चार दिवस राहावं, हे मात्र घाटाखालच्या शेतकरी घरात कुणी मनावर घेत नाही. ते श्रीमंतांचं काम, असा समज आहे. तो बराचसा चुकीचा आहे, कारण तिथे खर्च राहण्याचा कमी आणि पोहोचण्याचा जास्त असतो. पोहोचण्याचा खर्च आधी ठरवून आटोक्यात ठेवता येतो.

नांदुरा किंवा शेगावहून नागपूर गाठायचं आणि तिथून रेल्वेने चेन्नईला उतरायचं. मुंबई-हावडा मार्ग आपल्या दारातूनच जातो, त्यामुळे कोलकात्याची वाटही सोयीची. पुढे विमानाने दोन-अडीच तास. विमानाचं तिकीट हाच सगळ्या प्रवासातला मोठा आकडा, म्हणून ते जितकं आधी काढाल तितकं बरं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी जहाजंही सुटतात. त्यांना साधारण तीन दिवस लागतात आणि वेळापत्रक पुढे-मागे होतं. हाताशी वेळ आहे आणि पोटात ढवळत नाही, अशांनीच त्या वाटेला जावं.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. विमानतळाला सावरकरांचं नाव आहे. बहुतेक जण इथून थेट हॅवलॉकची बोट धरतात. हॅवलॉकला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात आणि धाकट्या नील बेटाला शहीद द्वीप. सरकारी बोट हळू जाते, पण खासगी कॅटॅमरानपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. माणशी दोन्ही वेळचा फरक जोडला, तर कुटुंबाचं एका रात्रीचं भाडं त्यातून निघतं. सरकारी तिकिटं लवकर संपतात, म्हणून बेत त्या बोटीच्या दिवसावर बेतावा. ओळखपत्र प्रत्येकाचं जवळ हवंच.

स्वराज द्वीपावर गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर अशी गावं आहेत. १९५० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने इथे जमिनी दिल्या. त्यांनी जंगल तोडून भात, नारळ, सुपारी लावली. आज स्वस्तातली बरीचशी रिसॉर्टं अशाच नारळी-पोफळीच्या बागांमधून उभी आहेत. बांबूची किंवा लाकडी भिंतींची झोपडी, वर पत्रा नाहीतर पानांचं छप्पर, आत पलंग, मच्छरदाणी, पंखा आणि मागे न्हाणीघर. गर्दीचा हंगाम नसेल तर हजार-पंधराशे रुपयांपासून अशी खोली मिळते. वातानुकूलित हवी असेल तर भाडं दुप्पट होतं. माझ्या मते ते पैसे वाया जातात, कारण जानेवारीत समुद्राचा वारा पुरतो.

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने राहण्याची सोय शेगावच्या भक्तनिवासात पाहिलेली असते: कमी पैसे आणि आरशासारखी स्वच्छता. त्या नजरेने गेलात तर इथल्या झोपडीत पाली, मुंग्या आणि बाहेर वाळूतल्या बारीक माश्या खटकतील. पण नळाचं पाणी जपून वापरायला कुणी सांगितलं, तर आपल्याला त्याचं कारण विचारावं लागणार नाही. बेटावर पाऊस वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या कितीतरी पट. तरीही उतारावरचं पाणी समुद्रात पळून जातं आणि उन्हाळ्यात टंचाई होते. वीज मुख्यतः डिझेलवर तयार होते. डिझेल, गॅस, कांदा, गहू हे सगळं जहाजाने येतं आणि प्रत्येक वस्तूवर ते भाडं चढतं. म्हणून तिथे मिळतं तेच खाणाऱ्याला बेट स्वस्त पडतं: भात, मासळीचं कालवण, शहाळं, केळी. माळकरी मंडळींनी घाबरू नये, वरण-भात-भाजी सगळीकडे मिळते. शेंगदाण्याची चटणी तेवढी घरून न्यावी.

खोली ठरवताना बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते. स्वस्त रिसॉर्टं बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, विजयनगर-गोविंदनगरला आहेत. तिथे ओहोटीला पाणी फार दूर जातं आणि खाली प्रवाळाचे धारदार खडक उघडे पडतात. तिथे सूर्योदय पाहावा, पोहायला मात्र पश्चिमेच्या राधानगरला जावं. ते धक्क्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर आहे. 'टाइम'ने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं ते हेच, आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छ किनाऱ्याचा 'ब्लू फ्लॅग' मिळाला. तिथल्या किनाऱ्याजवळ राहणं महाग, पण धक्क्यावरून सुटणाऱ्या बसने जाऊन दिवसभर बसायला काही पडत नाही. पाण्यात उतरायचं ते जीवरक्षक असतील तिथेच. मगरींच्या सूचनेचे फलक शोभेसाठी लावलेले नाहीत. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत.

घड्याळही इथे फसवतं. वेळ भारताचीच, पण बेटं आपल्यापेक्षा सोळा-साडेसोळा रेखांशांनी पूर्वेला. त्यामुळे सूर्य तासाभराहून जास्त आधी उगवतो. जानेवारीअखेर साडेपाचच्या आतबाहेर मावळतोही. राधानगरचा सूर्यास्त पाहायचा तर चारच्या आत तिथे असावं.

तीन रात्री असतील तर एक शहीद द्वीपाला द्यावी. रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी तिथली गावं. सायकलवर बेट पाहून होतं. अंदमानची बरीचशी भाजी इथल्या मळ्यांतून जाते, आणि शेतकऱ्याला त्या बांधावरून फिरताना फार बरं वाटेल. किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळ, अगदी मेलेलंसुद्धा, उचलू नये. कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामानातून काढून घेतात.

जायचं कधी? डिसेंबरपर्यंत बंगालच्या उपसागरात वादळं असतात आणि डिसेंबरअखेर भाव चढतात. कापसाची शेवटची वेचणी झाली, तूर घरात आली आणि हरभरा अजून सोंगायला आला नाही, तेव्हा, म्हणजे जानेवारीच्या शेवटी निघावं. समुद्र शांत असतो आणि हातात चार पैसे असतात. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून फोन-इंटरनेट सुधारलं आहे, तरी रोख रक्कम जवळ ठेवावी.

परतीच्या विमानाआधीचा दिवस पोर्ट ब्लेअरलाच राखून ठेवावा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि विमान कुणासाठी थांबत नाही. तो दिवस सेल्युलर जेलला द्यावा. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी तीनच उरल्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे, चढायला जिने आहेत, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सकाळी ऊन चढण्याआधीच न्यावं.