पट्ट्याचा रंग

एखादे अवघड काम हाती घेताना उर्दूत आपण 'कमर कसना' म्हणतो. मराठीतही 'कंबर कसणे' हाच वाक्प्रचार आहे. पूर्वी लढाईला निघालेला शिपाई किंवा ओझे उचलणारा मजूर कमरेला कापड घट्ट बांधत असे. त्यामुळे अंगावरचे कपडे आवरले जात आणि हातपाय मोकळे राहत. ज्युदो आणि कराटे शिकणारी मुले कमरेला जो पट्टा बांधतात, त्याचेही पहिले काम एवढेच आहे. सदरा उघडू नये म्हणून तो बांधायचा. मग या साध्या कापडी पट्ट्याला इतका मान कसा मिळाला? त्याचे रंग का बदलतात? या पाठात आपण हे समजून घेऊ.

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडीजवळ वडपे हे गाव आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामे आहेत. मालमोटारींची ये-जा रात्रंदिवस चालू असते. वडपे गावापासून भिवंडी शहरापर्यंत कोणत्याही वस्तीत विचारा, कराटे शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी भेटतेच. कोणाचे वडील गोदामात हमाली करतात, कोणाचे यंत्रमागावर काम करतात. मुलाच्या पट्ट्याची परीक्षा आली की घरात फीचे पैसे बाजूला काढावे लागतात. अशा वेळी वडील एक साधा प्रश्न विचारतात, "हा पट्टा मिळाला म्हणजे नक्की काय मिळाले?" या प्रश्नाचे खरे उत्तर प्रत्येक शिकणाऱ्याला देता आले पाहिजे.

हे उत्तर शोधायला आपल्याला थोडे जपानला जावे लागेल. जिगोरो कानो यांचा जन्म १८६० साली झाला. तरुणपणी ते जुजुत्सू ही जुनी कुस्तीसारखी विद्या शिकले. त्या विद्येतील धोकादायक डाव वगळून आणि उरलेल्यांना शिस्त लावून त्यांनी ज्युदो हा प्रकार तयार केला. १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिरात त्यांनी 'कोडोकान' ही आपली शाळा सुरू केली. जागा होती अवघ्या १२ चटयांची आणि विद्यार्थी होते नऊ!

कानो पेशाने शिक्षक होते. पुढे ते टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे अनेक वर्षे प्राचार्य होते. त्यामुळे त्यांनी शिक्षकाच्या नजरेने एक गोष्ट हेरली. जुन्या जपानी विद्यांमध्ये गुरू आपल्या शिष्याला परवान्याची गुंडाळी देत असे. खुशनवीस आपल्या शागिर्दाला 'इजाजत' देतो, तसाच हा प्रकार होता. पण एका गुंडाळीपासून दुसऱ्या गुंडाळीपर्यंत पुष्कळ वर्षे जात. मधल्या काळात आपण पुढे सरकलो की नाही, हे शिष्याला कळत नसे. मुक्काम फार दूर असला की चालणारा थकतो. वाटेत मैलाचे दगड असले तर त्याला हुरूप येतो. शाळेत पहिली ते दहावी असे वर्ग असतात, ते याचसाठी.

म्हणून कानो यांनी विद्येच्या पायऱ्या पाडल्या. पायरीला जपानी भाषेत 'दान' म्हणतात. ही पद्धत जपानमधील 'गो' या बैठ्या खेळात आधीपासून होती. १८८३ साली त्यांनी आपल्या दोन शिष्यांना पहिली पायरी दिली. पुढे १८८६ च्या सुमारास पायरी गाठलेले शिष्य काळा पट्टा बांधू लागले. बाकीचे पांढरा बांधत. सुरुवातीला रंग हे असे दोनच होते.

कराटेचे मूळ ओकिनावा या बेटावर आहे. तेथे पट्ट्यांची पद्धत नव्हती. गिचिन फुनाकोशी हे तेथील शिक्षक १९२२ साली टोकियोला आले आणि त्यांनी कराटेची प्रात्यक्षिके करून दाखवली. कानो यांनी त्यांना कोडोकानमध्येही बोलावले. फुनाकोशींनी कानोंची पद्धत उचलली आणि १९२४ साली कराटेतील पहिले काळे पट्टे दिले. पाहा, ज्युदो आणि कराटे या दोन्ही विद्यांत पट्टा आणणारे दोघेही शाळामास्तर होते!

पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी हे मधले रंग नंतर आले. ज्युदो युरोपात पोहोचल्यावर, १९२० ते १९४० या काळात, लंडन आणि पॅरिस येथील वर्गांत ते रूढ झाले. काही जण सांगतात, की पांढरा पट्टा कधी धुवायचा नसतो. घाम आणि माती लागून तो आधी पिवळा, मग हिरवा आणि शेवटी काळा होतो. गोष्ट गमतीची आहे, पण खरी नाही. काळा पट्टा आधी आला आणि पिवळा-हिरवा कित्येक वर्षांनी आला. तेव्हा पट्टा खुशाल धुवा!

आता पायऱ्यांची मोजणी पाहू. काळ्या पट्ट्याच्या आधीच्या इयत्तांना 'क्यू' म्हणतात. त्या उलट मोजल्या जातात. कराटेच्या पुष्कळ वर्गांत नवा विद्यार्थी दहाव्या क्यूपासून सुरुवात करतो आणि शिकत शिकत पहिल्या क्यूवर येतो. त्यानंतर काळा पट्टा मिळतो आणि तेथून 'दान' सुलट मोजतात : पहिला, दुसरा, तिसरा आणि असेच दहापर्यंत. पहिल्या दानाला जपानीत 'शोदान' म्हणतात. यातील 'शो' म्हणजे आरंभ. ज्या पट्ट्याला आपण शेवट समजतो, त्याचे नावच 'आरंभाची पायरी' असे आहे. अलिफ-बे पुरे झाले, आता वाचायला बसा, असा त्याचा अर्थ. कोडोकानने आपल्या सुमारे दीड शतकाच्या इतिहासात दहावा दान फक्त १५ जणांना दिला आहे.

लहान मुलांना काळा पट्टा द्यावा का, हाही एक प्रश्न आहे. तायक्वांदो या कोरियन विद्येत त्यावर एक तोड काढली आहे. पंधरा वर्षांखालील मुलाला दानाऐवजी 'पूम' देतात. त्याचा पट्टा अर्धा लाल आणि अर्धा काळा असतो.

वर्गात पट्ट्याचा मोठा उपयोग होतो. समोरच्याच्या कमरेला पांढरा पट्टा दिसला, की जुन्या विद्यार्थ्याने समजायचे, याला अजून पडता येत नाही. ज्युदोमध्ये पाडायला शिकवण्याआधी पडायला शिकवतात. मान आत घ्यायची, हात चटईवर आपटून धक्का वाटून द्यायचा. हे न येणाऱ्याला जोरात फेकले तर त्याचे डोके आपटेल किंवा खांदा मोडेल. म्हणून वरच्या पट्टेवाल्याने हात राखून खेळायचे असते. जितका पट्टा वरचा, तितकी समोरच्याला सांभाळण्याची जबाबदारी मोठी.

आपल्या महाराष्ट्रात कुस्तीची मोठी परंपरा आहे. भिवंडी-कल्याण परिसरातील गावांतही जत्रेच्या वेळी कुस्त्यांचे आखाडे भरतात. कुस्ती जेथे शिकवतात त्या जागेला मराठीत 'तालीम' म्हणतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. शब्द एकच! उर्दूतील उस्ताद मराठीत 'वस्ताद' झाला. पहिलवान, मैदान, खुराक हे शब्दही दोन्ही भाषांत चालतात.

तालमीत पट्टे नसतात. लाल मातीत उतरलेल्या सगळ्यांच्या अंगावर लंगोटच असतो. तरीही कोण कुठल्या पायरीवर आहे, हे वस्तादांना ठाऊक असते. नवा मुलगा आधी माती उकरतो, जोर-बैठका काढतो, थोरल्यांची लढत पाहतो. मग वस्ताद त्याची जोड लावून देतात. थोरला पहिलवान त्याला डाव शिकवतो आणि मुद्दाम थोडा ढिला पडून तो करूनही घेतो. येथे पट्ट्याचे काम वस्तादांची नजर करते. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव अशाच मातीत घडले आणि १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

कुस्तीत मान मिळतो तो किताबाने. येथे एक गंमत लक्षात ठेवा. मराठीत 'किताब' म्हणजे पुस्तक नव्हे, तर उर्दूतील 'खिताब', म्हणजे मानाची पदवी. 'महाराष्ट्र केसरी' हा असाच किताब १९६१ पासून दिला जातो आणि विजेत्याला चांदीची गदा मिळते. सोलापूर जिल्ह्यातील बोरामणी गावच्या शेख घराण्यात ही गदा तीनदा आली : १९८० साली इस्माईल शेख, १९९२ साली आप्पालाल शेख आणि २००२ साली मुन्नालाल शेख.

गदा आणि पट्टा यांतील फरक आता तुमच्या ध्यानात आला असेल. गदा हा खिताब आहे. ती मिळवायला दुसऱ्याला हरवावे लागते आणि पुढच्या वेळी ती दुसरा कोणी जिंकतो. पट्टा ही सनद आहे. ती मिळवायला कोणाला हरवावेच लागते असे नाही. कालपर्यंत जे येत नव्हते ते आज येते, एवढे दाखवावे लागते. म्हणून मोठ्या स्पर्धांत पट्ट्याचा रंग विचारत नाहीत. तेथे खेळाडूंचे गट वजनाप्रमाणे पाडतात. कराटेच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात एक खेळाडू लाल आणि दुसरा निळा पट्टा बांधतो. त्या रंगांचा दर्जाशी काही संबंध नसतो. पंचांना दोघे वेगळे ओळखता यावेत, एवढाच त्यांचा हेतू. दहावीच्या परीक्षेत मिळणारे सवलतीचे क्रीडा गुणही मान्यताप्राप्त स्पर्धेतील कामगिरीबद्दल असतात. नुसता पट्टा दाखवून ते मिळत नाहीत.

सनद कोणी दिली, यावर तिची किंमत ठरते. जगात कराटेच्या अनेक संस्था आहेत. प्रत्येकीचा अभ्यासक्रम निराळा आणि रंगांचा क्रमही निराळा. त्यामुळे एका वर्गातील हिरवा पट्टा दुसऱ्या वर्गातील हिरव्या पट्ट्याइतकाच असेल, असे नाही. काही ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी परीक्षा होते, फी घेतली जाते आणि कोणीही नापास होत नाही. अशा वर्गात मुलाचे फार नुकसान होते. पैसे जातात हे एक. आपल्याला लढता येते असा खोटा भरवसा त्याच्या मनात बसतो, हे त्याहून वाईट. रस्त्यावरच्या गुंडाच्या हातात चाकू असेल, तर तो पट्ट्याचा रंग पाहून थांबत नाही. अशा वेळी ओरडून माणसे गोळा करणे आणि तेथून निघून जाणे, हेच चांगला शिक्षक आधी शिकवतो.

म्हणून वर्गात नाव घालण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. शिक्षक स्वतः कोठे शिकले? कोणत्या इयत्तेला काय यावे लागते, हे लिहून दिले आहे का? तयारी नसलेल्या मुलाला थांबवले जाते का? पडायला शिकवतात का? ही उत्तरे समाधानकारक असली, तर फीचे पैसे सत्कारणी लागतील.

कधी कधी याच्या उलटही घडते. विद्या असते, पण सनद मिळत नाही. कानो यांना जुजुत्सू शिकवणाऱ्या गुरूंची नात केइको फुकुदा १९३५ साली ज्युदो शिकू लागली. १९५३ साली त्यांना पाचवा दान मिळाला. त्या काळी स्त्रियांना त्यापुढे बढती देत नसत. सहाव्या दानासाठी फुकुदाबाईंना १९७२ पर्यंत थांबावे लागले. त्या १९ वर्षांत त्यांनी शिकवणे सोडले नाही. त्या अमेरिकेत गेल्या आणि तेथे असंख्य विद्यार्थिनी घडवल्या. २००६ साली कोडोकानने त्यांना नववा दान दिला. २०११ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेतील ज्युदो संघटनेने त्यांना दहावा दान दिला. २०१३ साली त्यांचे निधन झाले. वरचा पट्टा मिळत नव्हता तेव्हाही त्यांची विद्या कमी नव्हती. ज्या मुलींना 'हे तुमचे काम नाही' असे ऐकावे लागते, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

तर वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : "अब्बा, मी इतके शिकलो, असे माझ्या उस्तादांनी तपासून सांगितले आहे. माझ्यापेक्षा नव्या मुलांना सांभाळण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे. आणि पुढे काय शिकायचे, हेही मला कळले आहे." ज्या मुलाला किंवा मुलीला असे म्हणता येते, तिच्या कमरेला कोणत्याही रंगाचा पट्टा शोभून दिसतो.

स्वाध्याय

१. कानो यांना विद्येच्या पायऱ्या पाडाव्यात असे का वाटले?
२. 'शोदान' या शब्दाचा अर्थ सांगा. त्यावरून काळ्या पट्ट्याविषयी काय समजते?
३. खिताब आणि सनद यांतील फरक पाठाच्या आधारे चार-पाच वाक्यांत लिहा.
४. तालीम, किताब, वस्ताद या शब्दांचे मराठीतील आणि उर्दूतील अर्थ लिहा.
५. 'कंबर कसणे' हा वाक्प्रचार वापरून दोन वाक्ये तयार करा.