टेंडर भरताय? आधी सांगा, तुमचा माल किती टक्के देशी आहे



मे 2020 मध्ये केंद्राने 20 लाख कोटींचं आत्मनिर्भर पॅकेज जाहीर केलं. आपल्या लोकांच्या लक्षात राहिली ती फक्त कर्जाची योजना. त्याच घोषणेत हेही होतं, की 200 कोटींपर्यंतच्या सरकारी खरेदीला ग्लोबल टेंडर निघणार नाही. सरकार खर्च करणार, तो पैसा देशातल्या कारखान्यात जावा, हा हेतू. पाठोपाठ जूनमध्ये 'मेक इन इंडिया' खरेदीचा 2017 चा आदेशही कडक झाला.

"सर, माझं दुकान भारतात, जीएसटी भारतात, म्हणजे माल देशीच ना?" ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो. नाही हो! दुकान कुठे आहे याला इथे काही किंमत नाही.

हिशोब बघा. समजा, शाळेसाठीचं आरओ मशीन तुम्ही कर सोडून 40,000 ला देताय. त्यात बाहेरून आलेला पंप, मेम्ब्रेन वगैरे कस्टम ड्युटीसकट 22,000 चे. उरले 18,000, म्हणजे 45 टक्के देशी. 50 किंवा जास्त असेल तर क्लास-1, 20 ते 50 मध्ये क्लास-2. तुम्ही क्लास-2 मध्ये अडकलात. आता 3,000 चा पंप देशी बनावटीचा बसवा. देशी भाग 52.5 टक्के, झालात क्लास-1! (काही वस्तूंना मंत्रालयांनी वेगळी टक्केवारी ठरवली आहे, टेंडर नीट वाचा.)

फरक एका पंपाचा, पण फायदा बघा. सर्वात कमी दर क्लास-1 नसलेल्याचा असेल आणि तुमचा दर त्याच्यापेक्षा 20 टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर त्याच्या दरात माल द्यायची संधी तुम्हाला मिळते. काही वस्तूंत तर फक्त क्लास-1 वाल्यालाच बोली लावता येते.

इथे लोक चलाखी करतात. वाहतूक, विमा, फिटिंग, सर्व्हिसिंग हे सगळं 'देशी' खात्यात टाकतात. चालत नाही. पंप लोहार चाळीतून रुपयांत घेतला तरी तो आयातीचा असेल तर आयातीचाच. 10 कोटींपर्यंत स्वतःचं प्रमाणपत्र चालतं, पण खोटं निघालं तर दोन वर्षांपर्यंत टेंडर बंद. एवढी जोखीम कशाला घ्यायची?

दुकानदारांनो, अजून एक. 'उद्यम' नोंदणी आहे म्हणून लघुउद्योगांच्या 25 टक्के राखीव खरेदीत आपण बसतो, असं समजू नका. ती सवलत बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. मला स्वतःला हे पटत नाही, पण नियम तो नियम.

हा आदेश केंद्राची खाती, केंद्राच्या कंपन्या आणि केंद्राच्या पैशातून चालणाऱ्या राज्यातल्या योजनांना लागू आहे. 5 लाखांच्या आतल्या खरेदीला नाही.

जेमवर माल टाकताना कुठल्या देशात बनला हे भरावंच लागतं. तेव्हा आजच होलसेलरला फोन करा आणि प्रत्येक पार्ट कुठे बनलाय ते लेखी मागा. तोंडी "देशीच आहे शेठ" चालणार नाही.