हवेचा दाब आणि चक्रवाढीचे गणित

शाळेत घातांक शिकवायला घेतले की मुले विचारतात, "याचा उपयोग काय?" घरात सांगणारे कोणी नसले की हा विषय कठीण म्हणून मागे पडतो. आज आम्ही त्याचे एकच उदाहरण देतो. ज्या घरातील मुलगा सैन्यात आहे आणि लडाखला निघाला आहे, त्या घराला ते लगेच पटेल.

हवेला वजन असते. समुद्रकाठी दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा सुमारे एक किलो भार पडतो. उंचावर हा भार कमी होतो, हे १६४८ साली फ्रान्समध्ये सिद्ध झाले. ब्लेझ पास्कल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे पेरिये पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम हा डोंगर चढले. शिखरावर पारा सुमारे तीन इंच खाली आला. पायथ्याशी ठेवलेल्या दुसऱ्या नळीतील पारा मात्र दिवसभर होता तिथेच राहिला.

दाब किती कमी होतो?

गाद्या एकावर एक रचल्या की सर्वांत खालची गादी जास्त दबते. हवेचेही तसेच आहे. खालची हवा दाट, वरची विरळ. म्हणून पहिला किलोमीटर चढताना जेवढा भार मागे राहतो, तेवढा पुढच्या किलोमीटरला राहत नाही. ढोबळ नियम असा : दर किलोमीटरला, उरलेल्या दाबातून सुमारे १२ टक्के कमी होतात.

समुद्रकाठचा दाब १०० धरा. एक किलोमीटरवर ८८, दोनवर ७७, तीनवर ६८, चारवर ६०. म्हणजे जितके किलोमीटर, तितक्या वेळा ०.८८ ने गुणायचे. सावकाराचे चक्रवाढ व्याज साठलेल्या रकमेवर चढते. इथे उरलेल्या दाबावर घट होते. गणित तेच, दिशा उलटी. साडेपाच किलोमीटरवर दाब निम्मा होतो. हवामानाप्रमाणे आकडे थोडे बदलतात, पण अंदाज बरोबर येतो.

आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. तिथे दाब सुमारे ८१. लेह शहर सुमारे ३५०० मीटरवर, तिथे ६४. एव्हरेस्टवर जेमतेम एक तृतीयांश.

हा आकडा जिवाशी निगडित आहे

हवेतील प्राणवायूचे प्रमाण लेहलाही २१ टक्केच असते. पण हवाच विरळ, त्यामुळे एका श्वासात मिळणारा प्राणवायू सुमारे दोन तृतीयांशच भरतो. विमानाने एकदम तिथे उतरलेल्या धडधाकट तरुणालाही डोकेदुखी, मळमळ, धाप लागू शकते. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, धावपळ करू नये. त्रास वाटला तर आणखी वर जाऊ नये, लगेच डॉक्टरांना सांगावे. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर वेळ न घालवता खाली आणावे. अंगात ताकद आहे म्हणून हा त्रास टळत नाही.

स्वयंपाकघरातही हे गणित दिसते. लेहला पाणी सुमारे ८८ अंशालाच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, तिथे कुकरच लागतो.

आज रात्री मुलांना कागद-पेन्सिल द्या. १०० ला ०.८८ ने आठ वेळा गुणायला सांगा. उत्तर ३६ च्या आसपास आले, तर मूल एव्हरेस्टच्या जवळ पोहोचले असे समजा.