तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले युद्ध

मुंबई–आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेला असलेल्या सोनगीरची ओळख दोन गोष्टींनी होते. एक टेकडीवरचा पडका किल्ला, दुसरी तांब्या-पितळेची भांडी. किल्ला लढायांचा, तांबे संसाराचे. युद्धाविरुद्ध माणसाने काढलेली काही अत्यंत प्रखर चित्रे मात्र तांब्याच्याच पत्र्यावर जन्मली. म्हणून ती समजून घ्यायला सोनगीरसारखे दुसरे गाव नाही.

तांब्यावर कोरून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. राजाने जमीन दान दिली की ताम्रपट कोरला जाई आणि त्यात राजाच्या कुळाचे, पराक्रमाचे गुणगान असे. ज्यांच्या शेतातून फौजा गेल्या, त्यांच्यासाठी त्यात ओळ नसे. युरोपातील मुद्राचित्रकारांनी, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून चित्रे छापणाऱ्यांनी, तोच धातू हरलेल्यांच्या, भुकेल्यांच्या बाजूने वापरला. फ्रान्सच्या जाक कालोने 1633 मध्ये 18 छोट्या चित्रांत सैनिकांची लूटमार आणि झाडाला लटकवलेली माणसे दाखवली. पावणेदोन शतकांनी स्पेनच्या फ्रान्सिस्को गोयाने ते काम फार पुढे नेले.

पत्रा, आम्ल आणि कागद

अशी चित्रे बनतात कशी? गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर द्यायचा. सुईने चित्र ओढले की तेवढ्या रेषेपुरते तांबे उघडे पडते. पत्रा आम्लात बुडवला की ते आम्ल उघडे तांबे खाते आणि रेषेची खाच होते. मग थर काढून खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून जड रुळाखालून पत्रा काढायचा. चित्र उलटे उमटते, म्हणून अक्षरे आधीच उलटी काढावी लागतात. पत्र्याची जाडी बोटांनी ओळखणाऱ्या आणि मठारकामात ठोक्याचा अंदाज कधी न चुकणाऱ्या कारागिराला यातली कसोटी लगेच कळेल. मराठी मुलखात तांब्यावरून छपाई झालेलीही आहे. 1805 मध्ये मिरजेला भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवरून, आणि ते कोरण्याची विद्या पुण्याच्या एका तांबटाने आत्मसात केली होती.

आता पुन्हा गोयाकडे. नेपोलियनच्या फौजा 1808 मध्ये स्पेनमध्ये घुसल्या. गोयाने 1810 पासून ‘युद्धाची संकटे’ ही मालिका कोरायला घेतली. युद्धकाळात चांगला पत्रा मिळेना, तेव्हा त्याने आपल्याच जुन्या निसर्गचित्रांचे पत्रे कापून त्यांच्या पाठी वापरल्या. त्याच्या चित्रांत सेनापती नाही, विजयाचा झेंडा नाही. आहेत ती ओढून नेलेली बायकामाणसे, प्रेतांचे ढीग आणि 1811–12 च्या माद्रिदमधील दुष्काळात रस्त्यावर मरणारी माणसे. अत्याचार दोन्ही बाजूंचे दाखवले. ही मालिका त्याच्या हयातीत बाहेर आलीच नाही. गोया 1828 मध्ये वारला आणि 80 चित्रांचा संच 1863 मध्ये छापला गेला. मधली पस्तीस वर्षे ती साक्ष पत्र्यांनी जपली.

अंधेरीतला चित्रकार

आपल्या देशात हीच परंपरा चित्तप्रसाद भट्टाचार्य यांनी चालवली. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला, सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या जप्त केल्या, साठेबाजांनी हात धुऊन घेतले. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे गेली. चित्तप्रसाद मेदिनीपूरच्या गावांतून पायी फिरले आणि त्यांनी पाहिलेल्या माणसांची रेखाटने ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेत आली. इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. तरी एक प्रत वाचली आणि तिच्यावरून 2011 मध्ये पुस्तिका पुन्हा छापता आली.

1946 नंतर ते मुंबईत अंधेरीला राहिले. तांब्याऐवजी त्यांनी लिनोलियम निवडले. ते स्वस्त असते, साध्या पात्याने कोरता येते, यंत्र नसले तरी हाताने घासून ठसा उमटतो. शेतकरी, कामगार आणि शाळेऐवजी कामाला जुंपलेली मुले त्यांनी काळ्या-पांढऱ्यात कोरली. मुलांवरची ती मालिका 1969 मध्ये डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने प्रसिद्ध केली.

गोया आणि चित्तप्रसाद यांच्या कामांत सुमारे एकशेतीस वर्षांचे अंतर आहे, पण दोघांनीही दुष्काळाला युद्धाचे अपत्य म्हणून पाहिले. तोफेने मेलेला मोजला जातो, भुकेने मेलेला सुटतो. दोघांनी तो सुटू दिला नाही.

अशी चित्रे आज माद्रिदच्या किंवा महानगरांच्या दालनांत पाहायला मिळतात. पण मुद्राचित्राचा जन्मच मुळी अनेक प्रतींसाठी, अनेक घरांसाठी झाला. चांगल्या प्रतिकृती सोनगीर-धुळ्याच्या शाळांत मांडणे अवघड नाही. शेजारी एखाद्या तांबट काकांनी पत्रा, आम्ल आणि शाईचे काम करून दाखवावे, मुलांनी लिनोवर आपापला ठसा कोरावा. रोज पडद्यावर युद्ध सरकताना पाहणाऱ्या या मुलांना एका चित्रापुढे थांबून, यात मरणारा कोण आणि का, हे विचारायची सवय लागेल. ती लावणे हे आपले, मोठ्यांचे काम आहे.